आठ अंशांची चोरी

पोरीचं पोट फुगलेलं पाहिलं आणि मला हसू आलं. ही लबाडी माझ्या चांगली ओळखीची होती.

ती टेबलाच्या कडेवर बसली होती. म्हणजे तिच्या आईने मागून दोन्ही काखांत हात घालून तिला बसवून धरलं होतं. अंगात पातळ बनियन, पाठीला आमच्या कारखान्यात बनलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्याचं मागचं फाळकं, आणि पुढचं फाळकं माझ्या हातात. पट्टा हे आपलं म्हणायला. खरं तर ते काखेपासून कमरेखालपर्यंतचं कवच होतं, कासवाला असतं तसं. दोन्ही फाळकी दोन्ही कुशींवर चामडी वाद्यांनी आवळायची. वाद्या आणि बकलं हे माझं खातं. मी पुढचं फाळकं पोटावर ठेवलं की ते आपोआप वर उचललं जाई आणि बकल दोन भोकं अलीकडेच अडे.

“मैना,” मी म्हणालो.

“माझं नाव त्रिशला,” पोरगी म्हणाली.

मग मी तिला मैनेची गोष्ट सांगितली. माझा बाप टांग्यांच्या घोड्यांची खोगिरं आणि साज करायचा, रिक्षा येईपर्यंत मीही तेच केलं. मैना ही एका टांगेवाल्याची घोडी. पोटाखालून तंग आवळायला घेतला की ती श्वास भरून पोट टम्म फुगवायची आणि डोळे मिटून साध्वीसारखी उभी राहायची. तंग आवळून झाला, दहा पावलं गेली, की श्वास सोडून द्यायची. तंग खाली लोंबायचा आणि टांगेवाला बापाच्या नावाने शंख करत परत यायचा. बापाने यावर उपाय काढला होता. घोडीशी झगडायचं नाही. वादी हातात धरून उभं राहायचं, तिच्याशी गोड बोलायचं. बोलता बोलता तिचा श्वास सुटला की त्याच क्षणी ओढायचं.

त्रिशलाला गोष्ट आवडली. ती हसली. हसताना श्वास सुटला, पोट आत गेलं, आणि मी वादी ओढली. दोन भोकं.

तिचं हसू अर्ध्यात थांबलं. “मामा,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “जरा सैल करा की.”

“मैनाही हेच म्हणायची,” मी म्हणालो. तिची आई हसली, मीही हसलो. पोरगी हसली नाही. लबाडी पकडली गेली म्हणून रुसली असेल, असं मला वाटलं. बाप तंग आवळल्यावर त्यात दोन बोटं घालून बघायचा. दोन बोटं शिरली नाहीत तर पुन्हा सोडायचा. मी त्या दिवशी बोटं घातली नाहीत. आमच्या कारखान्यात बोटांना जागा ठेवण्याची पद्धत नव्हती.

कारखाना म्हणजे दवाखान्याच्या मागचा पत्र्याचा लांब खण. दवाखान्याचं नाव सांगत नाही. साहेब गेले, पण भिंती अजून उभ्या आहेत आणि त्यांना कान आहेत. निमकर साहेब हाडांचे डॉक्टर आणि आमचे मुख्य. त्यांना जगात एकच गोष्ट आवडत असे, ती म्हणजे सरळ. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ, टेबलावरची पेनं सरळ, बाहेरच्या बाकावरचे पेशंट एका रेषेत. एकदा एका म्हाताऱ्याची काठी जरा वाकडी होती तर साहेबांनी ती बदलायला लावली. म्हातारा म्हणाला, साहेब, ती माझ्या हाताला बसलीय. साहेब म्हणाले, मग हाताचंही बघू.

त्रिशला मगदूम नदीकाठच्या गावची, वय सोळा. जन्मापासून स्नायूंचं दुखणं. हाडं ठीक, डोकं तर फारच ठीक, पण हाडांना धरून ठेवणारं मांस दरवर्षी थोडं थोडं काम सोडत होतं. त्यामुळे पाठीचा कणा डावीकडे कलत चालला होता. बसवलं की पंधरा मिनिटांत ती डाव्या कोपरावर येई, अर्ध्या तासात कोपर सुटे आणि पुस्तकांनी भरलेलं दप्तर कलंडावं तशी ती कलंडे.

मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा होती. तीन तास लिहिण्याएवढी ताकद हातात नव्हती, म्हणून बोर्डाने लेखनिक मंजूर केला होता. ही तोंडाने सांगणार, नववीतली एक मुलगी लिहून घेणार. पण परीक्षा केंद्राच्या मुख्याध्यापकांनी कळवलं होतं की बाकावर तीन तास बसता येत असेल तरच यावं, वर्गात खाट टाकण्याची सोय नाही. घरी आडवी पडून ही पोरगी अख्खा इतिहास धडाधड म्हणायची. तिचा बसण्याचा तेवढा अभ्यास राहिला होता. त्यासाठी जानेवारीत तिला टेम्पोत गादी घालून आमच्याकडे आणली होती.

पट्टा घातलेल्या अवस्थेत तिचा एक्स-रे काढला. साहेबांनी तो दिव्याच्या काचेवर लावला, त्यावर पट्टीने दोन रेघा मारल्या आणि कोनमापक ठेवला. बिनपट्ट्याचा बासष्ट अंश होता, आता अडतीस. साहेबांचा चेहरा मुलगा झाल्यासारखा फुलला.

“खामकर, हे तुमचं काम,” ते म्हणाले.

साहेब खूष असले की मला ‘तुम्ही’ म्हणत, एरवी ‘तू’. मी महिन्यातून दोनदा वगैरे ‘तुम्ही’ व्हायचो. त्या दिवशी झालो, आणि माझीही छाती फुगली. माझी फुगू शकत होती.

साहेबांनी तिच्या आईला, सुलोचनाबाईंना, समजावलं. दिवसाचे तेवीस तास पट्टा, एक तास अंघोळीला. घट्ट राहिला पाहिजे. कणा सरळ होईल. हे सगळं ते एक्स-रेकडे तोंड करून सांगत होते. सुलोचनाबाई ऊस तोडून, म्हशी सांभाळून दणकट झालेली बाई, पण साहेबांपुढे पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढून उभी होती. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तेवीस तास म्हटल्यावर तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा मान हलवली.

तीन आठवड्यांनी त्या दोघी परत आल्या. मी पोरीला ओळखलं नाही. गाल बसले होते, ओठांवर निळसर छाया. पण बसली होती ताठ. एखाद्या बंगल्याच्या फाटकावरचा सिंह बसतो तशी.

साहेबांनी एक्स-रे बघितला. छत्तीस.

“उत्तम,” ते एक्स-रेला म्हणाले. “कशी आहेस?”

“बोलता,” त्रिशला म्हणाली, मग श्वास, “येत नाही.” मग श्वास. “जेवण,” श्वास, “जात नाही.”

“सवय होईल. आणि तुला बसायचं आहे ना? बोलायचं कशाला?”

साहेबांच्या मागे शिंत्रे भाऊसाहेब उभे होते. हे कारखान्याचे कारकून. साहेब विनोद करोत न करोत, यांचं हसू तयार असे. ते हसले. साहेबांनी पट्ट्याची कड बोटाने हलवून पाहिली. पोरगी वाळल्यामुळे पट्टा सैल झाला होता. वाद्यांना आणखी एक भोक पाडून आवळून दे, असं मला सांगून ते राउंडला गेले.

मी भोक पाडायची आरी घेऊन आलो. सुलोचनाबाईंनी पुढचं फाळकं सोडलं आणि पोरीला मागून धरलं. फाळकं निघाल्याबरोबर तिने डोळे मिटले आणि पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा श्वास घेतला. मग घेतच राहिली. मी आरी घेऊन वाट बघत होतो, की हिचं पोट कधी आत जातं.

“मामा,” ती म्हणाली, “मैना श्वास धरून ठेवायची ना?”

“तर. चांगली दहा पावलं धरायची.”

“मी धरते का?”

मला प्रश्न कळला नव्हता. तिने आईला सांगितलं की तिला भिंतीला टेकवून उशा लाव, आणि टेबलावरची लांब वादी घेऊन मामांच्या पोटाला बांध. मला वाटलं थट्टा आहे. सुलोचनाबाईंनाही वाटलं. पण त्या घरात पोरीचं ऐकायची पद्धत असावी. त्यांनी “माफ करा हं दादा” असं म्हणून वादी माझ्या पोटाभोवती फिरवली. म्हशीला दावं बांधणारे हात. पोरीने मला खरवसाबद्दल काहीतरी विचारलं, मी सांगायला तोंड उघडलं, श्वास सुटला, आणि बाईंनी ओढली.

मी तिथल्या तिथे वाकलो.

“आता अठराशे सत्तावन्नच्या उठावाची कारणं सांगा,” त्रिशला म्हणाली.

“मला कुठली येतात.”

“मग मैनेची गोष्ट सांगा.”

मी सांगायला लागलो. जड गेलं, पण छाती वर उचलून मी दोन-तीन वाक्यं रेटली, आणि जरा जिंकल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

“छाती हलवायची नाही,” ती म्हणाली. “माझी हलत नाही.”

मी छाती दाबून धरली. मैना, म्हणालो. टांगेवाल्याची, म्हणालो. पुढचा शब्द तयार होता, हवा नव्हती. कानात रक्त वाजायला लागलं. सुलोचनाबाईंनी घाबरून वादी सोडली.

मग मी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी मी तिच्या पोटाकडे पाहिलं होतं आणि मला घोडी दिसली होती. आता बनियनवरून दिसत होतं ते असं: बरगड्यांचा पिंजरा गप्प होता. उलट श्वास घेताना तो किंचित आतच जात होता. आणि पोट वर, खाली, वर, खाली, थकलेल्या बिगारी माणसासारखं एकटं सगळं काम करत होतं. लबाड घोडी श्वास धरून ठेवते. ही कधी धरून ठेवत नव्हती. ही नुसती श्वास घेत होती, आणि मी बरोबर तो संपायची वाट बघून दार लावून घेतलं होतं. तेवीस तासांसाठी. वर गोष्ट सांगून, हसवून.

मी तीस वर्षं जनावरांचे श्वास बघितले होते. टांग्याचा घोडा दमलाय की सोंग करतोय हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगायचो. त्याच हुशारीने मी ही पोरगी मारायला घेतली होती.

“बिनपट्ट्याची बसून बघितलंस?” मी विचारलं.

“पंधरा मिनिटं,” ती म्हणाली. “पट्टा घातला तर तीन तास बसते आणि एक ओळ सांगते. काढला तर पंधरा मिनिटांचा पेपर सांगते आणि पडते. दोन्हीत नापास.”

मी फाळकं टेबलावर उपडं टाकलं आणि खडू घेतला. बरगड्यांच्या टोकापासून बेंबीच्या खालपर्यंत, रुंदीला माझी वीत, अशी एक आकृती काढली. पोट जिथे वर येतं तिथे जागा मोकळी, बाकी धरून ठेवायची ती कड तशीच. खोगीर करताना घोड्याच्या कण्यावर अशीच जागा सोडतात. बापाने हे मला आठव्या वर्षी शिकवलं होतं आणि मी ते फक्त घोड्यांसाठी राखून ठेवलं होतं.

करवतीचा आवाज ऐकून शिंत्रे भाऊसाहेब आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं मी साहेबांनाच कापतोय. पट्ट्यात कुठलाही बदल करायचा तर साहेबांची सही लागते, ते म्हणाले. साहेब कुठे आहेत, मी विचारलं. राउंडवर. मग राउंड होईपर्यंत हिने श्वास धरून ठेवायचा का? भाऊसाहेबांनी यावर थोडा विचार केला, मग जाऊन रजिस्टर घेऊन आले. बदल कोणी केला, या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

“अंगठा लाव,” ते म्हणाले. “उद्या माझ्या गळ्यात नको.”

मी लावला. त्या वेळी मला सही येत नव्हती. अंगठा मात्र चांगला, स्पष्ट उठला.

कापलेल्या कडेला मऊ चामड्याचा गोट शिवला. तासभर गेला. पुढचं फाळकं पुन्हा लावलं, वाद्या आवळल्या, आणि या वेळी प्रत्येक वादीखाली दोन बोटं घालून पाहिली. फाळक्यात कापलेल्या खिडकीतून बनियनचा पांढरा गोळा वर आला, आत गेला, वर आला. सुलोचनाबाईंनी हळूच हात काढून घेतले. पोरगी पडली नाही. जरा डावीकडे झुकली आणि तिथे थांबली.

आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“मामा,” ती म्हणाली, “तुमच्या त्या मैनेला बोलता आलं असतं तर तिने तुमच्या वडलांना आणि तुम्हाला काय काय ऐकवलं असतं याचा मी तीन आठवडे विचार करत होते आणि ते सगळं मी आता एका श्वासात सांगू शकते.”

“सांग,” मी म्हणालो.

“नको. मोठ्या माणसाला असं बोलू नये.”

तेवढ्यात साहेब आले. खिडकी बघितली. तिला पुन्हा एक्स-रेला पाठवलं. फिल्म आली, रेघा मारल्या, कोनमापक ठेवला. चव्वेचाळीस.

“आठ अंश,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आठ अंश घालवलेस तू.”

कपाटातून आठ चमचे गेल्यासारखं त्यांनी ते म्हटलं. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून अंगठा दाखवला. साहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की हा पट्टा रद्द, पुन्हा माप घ्या, नवं फाळकं करा, अखंड.

मी म्हणालो, साहेब, ती पोटाने श्वास घेते. साहेब म्हणाले, सगळेच नाकाने घेतात. भाऊसाहेब हसले.

सुलोचनाबाई कोपऱ्यात पोरीची शाल घडी करत होत्या. घडी नीट झाली होती तरी त्यांनी ती पुन्हा उलगडून केली. मग पदर जरा मागे सारला.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “परीक्षेला फोटो बसणार का पोरगी?”

आमच्याकडे खेड्यातली माणसं एक्स-रेला फोटोच म्हणतात. साहेबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते लाल झाले. मी सांगतो तसं करायचं नसेल तर पुढे जे होईल त्याची जबाबदारी तुमची, असं त्यांनी बजावलं.

“मग आतापर्यंत कुणाची होती?” बाई म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. मग त्यांनी पोरीला खिडकीच्या पट्ट्यासकट उचललं आणि बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे निघाल्या. दारातून जाताना त्रिशलाने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गाल फुगवून दाखवले. मैनेसारखे.

मला पट्ट्यांच्या खात्यातून काढून बुटांच्या खात्यात टाकलं. तिथे पायाच्या कॅलिपरला, म्हणजे लोखंडी आधाराला, जोडायचे बूट शिवायचे. मला वाईट वाटलं नाही. पायांना निदान श्वास लागत नाही.

जूनअखेर टपालाने एक पोस्टकार्ड आलं, पत्ता कारखान्याचा, नाव माझं. मी जन्मात पहिल्यांदा पत्राचा धनी झालो होतो. ते घेऊन मी भाऊसाहेबांकडे गेलो, वाचून दाखवा म्हणालो. साहेब तिथेच खुर्चीत बसून सह्या करत होते. भाऊसाहेबांनी चष्मा लावला, कार्ड डोळ्यांखालून घातलं, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि घसा साफ केला.

“माननीय निमकर साहेबांच्या कृपेने,” त्यांनी वाचलं, “मी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाले. साहेबांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. आपणां सर्वांस नमस्कार. आपली नम्र, त्रिशला मगदूम.”

साहेबांनी सही करता करता मान डोलावली. शेवटी कळतं लोकांना, असं म्हणाले. कार्ड हातात घेऊन बघावं असं काही त्यांना वाटलं नाही; कृपा ऐकू आली होती, तेवढं पुरे होतं.

मी कार्ड घेतलं आणि हत्यारांच्या पेटीत, चामडं कापायच्या रापीखाली, चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. पास झाली, तीन तास बसली आणि बोलली, हे ऐकून बरं वाटलं. पण एक सल राहिला. माझं नाव फक्त पत्त्यात. पोरगी शिकलेल्या माणसांत गेली की शिकलेल्यांची भाषा बोलणारच, असं मी मनाशी म्हणालो, आणि ते बारा वर्षं म्हणत राहिलो. मनातल्या मनात मी तिला कृतघ्न म्हणायचो. तेही पुष्कळदा.

निवृत्त झालो तेव्हा मला साठ पूर्ण झाली होती. आमच्या वस्तीत प्रौढांचा वाचनाचा वर्ग निघाला आणि सुनेने माझं नाव परस्पर घालून टाकलं. पहिले सहा महिने मी तिच्याशी धड बोललो नाही. मग एक दिवस रस्त्यातली पाटी माझ्याशी बोलली. न्हाव्याच्या दुकानाची होती. त्यानंतर मी दिसेल ते वाचायचो: साबणाचे कागद, बसच्या पाट्या, दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका. जोडाक्षरांशी मात्र माझं अजून वैर होतं.

आणि मग पेटीतलं कार्ड आठवलं.

अक्षर वाकडंतिकडं, थरथरलेलं; एवढ्या ओळी लिहायला तिला दोन दिवस लागले असतील. मला वाचायला एक दुपार लागली. त्यात निमकर साहेबांचं नाव कुठेही नव्हतं. मी तीनदा शोधलं.

“खामकर मामा, हे पत्र तुम्हाला दुसरंच कुणी वाचून दाखवणार. वाचून दाखवणाऱ्याने पदरचं काही घालू नये. घोडी पास झाली. टक्के बासष्ट, म्हणजे माझ्या पाठीएवढेच. सगळे पेपर बसून सांगितले, लेखनिक दमली, मी नाही. तुमच्या साहेबांचे आठ अंश परत करता येत नाहीत, ते पेपरात खर्च झाले. तुम्ही वाचायला शिका. म्हणजे मी काय लिहिलं ते तुम्हाला खरं कळेल. त्रिशला.”

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांच्या घरी गेलो. तेही निवृत्त होऊन ओसरीवर बसलेले. मला वाचता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. कार्ड पुढे केलं, एकदा पुन्हा वाचून दाखवा म्हणालो, म्हाताऱ्याचा हट्ट समजा. त्यांनी कार्ड दूर धरलं, जवळ धरलं.

“माननीय निमकर साहेबांच्या कृपेने,” त्यांनी सुरुवात केली.

साहेब जाऊन चार वर्षं झाली होती. ओसरीवर आम्ही दोघंच. मी त्यांना शेवटपर्यंत वाचू दिलं. या वेळी उपकार दोनदा आले. मग मी वाकून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, भाऊसाहेब, ही एवढी राहिली. त्यांनी ती ओळ मनात वाचली, माझ्या बोटाकडे पाहिलं, चष्मा काढला आणि आत चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते चष्मा पुसत होते.

मग मी आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. तिचा पत्ता कार्डावर होता. गावं सहसा जागा सोडत नाहीत, माणसांचं सांगता येत नाही, म्हणून ती असेल की नाही याची मला धास्ती होती. मी लिहिलं की तुझं पत्र मला आज पोचलं. मी तुझ्यावर बारा वर्षं विनाकारण रागावलो होतो. मी तुला घोडी समजलो आणि तुझा श्वास बंद केला, त्याची माफी मी त्या वेळी मागितली नाही, ती आता मागतो. पाठ कशी आहे, तेही विचारलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पाकीट उघडलं तर आत माझंच पत्र होतं, लाल शाईने भरलेलं. ठिकठिकाणी गोल, बाण, काने, मात्रा. मागच्या कोऱ्या बाजूला तेच थरथरलेलं अक्षर, आता आणखी बारीक. पाठ व्हायची तेवढी वाकडी झाली, तिने लिहिलं होतं; पट्टा पाठ सरळ करत नाही, बसवतो तेवढा, हे तुमच्या साहेबांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सध्या चौथा पट्टा आहे. करणारा नवा असला की आधी जुन्यातली खिडकी दाखवते, मग माप देते. घरी शिकवणी घेते, दहावीची अठरा मुलं आहेत. मोठ्याने शिकवावं लागतं.

त्याखाली तिने रेघ मारून मार्क दिले होते.

“दहापैकी तीन. माफी नंतर बघू. तुम्ही सगळीकडे ‘स्वास’ लिहिलं आहे. ‘श्वास’ चुकला. तुमचा तो पूर्वीपासूनच चुकतो. शंभर वेळा लिहून पाठवा.”

सुनेच्या पोराची वही मागून घेतली आणि बसलो. चौदाव्या ओळीपर्यंत ‘स’च होता. पुढे जमायला लागलं. शंभर वेळा लिहून पाठवला.